दचकणे आणि भिणे

भुताखेतांचा किंवा विज्ञानातल्या कल्पनांवर रचलेला चित्रपट पाहून मंडळी बाहेर पडली, की त्यांच्यात बहुधा दोन तट पडतात. एक म्हणतो, "काय देखावे होते! पैसे वसूल." दुसरा म्हणतो, "देखावे घेऊन काय करायचंय? गोष्टीत दम नव्हता." हा वाद गारगोटीच्या एस. टी. स्टँडवर जसा चालतो, तसाच तो मोठमोठ्या टीकाकारांतही चालतो. तेव्हा आज आपण हेच विचारू या, की अशा चित्रपटात मोठे कोण? चित्र की गोष्ट?

प्रथम एक भेद ध्यानात घ्या. दचकणे वेगळे आणि भिणे वेगळे. अंधारातून एकाएकी मांजर अंगावर आले तर आपण दचकतो आणि दुसऱ्या क्षणी हसतो. पण भर पावसाळ्यात घरचे माणूस रात्री उशिरापर्यंत परतले नाही, तर जी वाटते ती भीती. तिथे डोळ्यांपुढे काहीच नसते. मनात मात्र एक गोष्ट सुरू झालेली असते. वेदगंगेला पाणी चढले असेल का? गाडी कुठे अडकली असेल का? दचकायला नुसते चित्र पुरते. भ्यायला गोष्ट लागते.

मग चित्राचे काम ते काय? याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. आपल्या कोल्हापुरातच ते मिळते.

बाबूराव पेंटर हे मूळचे चित्रकार. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या या माणसाने कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट दाखवला. त्यातला कीचकवध इतका हुबेहूब होता की प्रेक्षक किंचाळले, असे सांगतात. पुढे तो भाग काढून टाकावा लागला. आता पाहा, कीचकाचे काय होते हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. गोष्ट नवी नव्हती, नवे होते ते चित्र.

पण त्यांची खरी कमाल पुढे १९२५ सालच्या 'सावकारी पाश'मध्ये दिसली. कथा नारायण हरी आपटे यांची. सावकाराच्या कचाट्यात सापडून जमीन गमावलेल्या शेतकऱ्याची ती कथा. त्यात भूत नाही, राक्षस नाही. रात्रीच्या अंधारात एक झोपडी दिसते आणि एक कुत्रे गळा काढून रडताना दिसते. मूकपट असल्याने आवाजाचे नावच नाही. पण कुत्रे रडले की काही अशुभ घडणार, हे खेड्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. त्या एका दृश्यात चित्र आणि गोष्ट वेगळी काढताच येत नाहीत. चित्रच गोष्ट सांगते.

हीच कसोटी अलीकडच्या चित्रपटांना लावून पाहू. २०१७ साली विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' आला. त्यातली भीती उभी राहते ती उसाच्या फडात. ऊस आपल्या रोजच्या पाहण्यातला. पण डोक्याच्या वर गेलेल्या उसात एखादी गरोदर बाई वाट चुकली, आणि चहूकडे तेच ते पाते दिसू लागले, की तोच फड चक्रव्यूह होतो. चित्रपटाचा विषय आहे मुलींच्या हत्येचा. जुन्या रीतीतून बाईला बाहेर पडायची वाट सापडत नाही, हे उसाच्या त्या चित्रातून न बोलता कळते.

राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' २०१८चा. भाषा हिंदी, पण माती आपली. त्यात सारखा पाऊस कोसळतो. हा पाऊस देखाव्यासाठी ओतलेला नव्हे, तो देवांचा कोप म्हणून कथेतच आलेला आहे. चिंब भिंती, कुजलेला वाडा आणि त्यात पिढ्यान् पिढ्या न सुटणारा पैशाचा लोभ, सगळे एकाच धाग्यात ओवलेले. २०२४ साली तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. गोष्ट ठाऊक असूनही लोक गेले, हे लक्षात घ्या.

कोणी म्हणेल, "गोष्ट कच्ची असून नुसत्या चित्रावर टिकलेले चित्रपट नाहीत का?" आहेत. जर्मनीत १९२७ साली आलेल्या 'मेट्रोपोलिस'ची कथा एच. जी. वेल्ससारख्या विज्ञानलेखकाला अगदी बाष्कळ वाटली. तरीही त्यातले उत्तुंग शहर आणि यंत्रस्त्री जग विसरले नाही. पण त्या शहराची रचना नीट पाहा. धनिक वर उजेडात आणि कामकरी खाली जमिनीच्या पोटात. म्हणजे पात्रांच्या तोंडी जे नीट उतरले नाही, ते चित्राने सांगितले.

याच्या उलट उदाहरण २०१४च्या 'इंटरस्टेलर'चे. त्यातले कृष्णविवर शास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्या गणिताच्या आधाराने काढले होते, आणि ते पाहताना डोळे दिपतात. पण काळजाला हात घालणारे दृश्य साधे आहे. परक्या ग्रहावर थोडा वेळ घालवून बाप यानात परततो, तोवर पृथ्वीवर २३ वर्षे उलटलेली असतात. मधल्या काळात मुलांनी धाडलेले निरोप तो पाहत बसतो. पडद्यावर फक्त माणसांचे चेहरे. काळाचे ते अवघड विज्ञान तिथे आपल्याला कळते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हा विषय करमणुकीपुरता नाही. आज मुलांच्या हातात मोबाइल आहे आणि त्यावर दचकवणारे तुकडे हवे तितके मिळतात. अक्कल लागत नाही, आगापिछा लागत नाही, एकदम एक तोंड समोर येते. दचकण्याची सवय लवकर जडते, आणि मग त्याहून मोठा धक्का लागतो. भीती मात्र काहीतरी शिकवून जाते. लोभाचे भय, कर्जाचे भय, पोटच्या मुलीवर उठणाऱ्या हाताचे भय माणसाला असायलाच हवे.

आपण मुलांना अक्षरे वाचायला शिकवतो, चित्र वाचायला शिकवत नाही. तेव्हा एवढे करून पाहा. मुलांनी एखादा असा चित्रपट पाहिला, की त्यांना तीन प्रश्न विचारा. गोष्ट चार वाक्यांत सांगता येते का? कोणते चित्र मनातून जात नाही? आणि ते चित्र काढून टाकले, तर गोष्टीचे काही बिघडते का? तिसऱ्या प्रश्नाला "काही नाही" असे उत्तर आले, तर तो देखावा उसना होता असे खुशाल समजावे. "मग गोष्टच उरत नाही," असे उत्तर आले, तर मुलाला चित्र वाचता येऊ लागले म्हणायचे.