नवऱ्याला पत्र, जिल्हा परिषदेला अर्ज

7 एप्रिल 1883 रोजी आनंदीबाई जोशी शिकण्यासाठी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या आणि 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्याच्या नोकरीत इकडेच राहिले. पत्रालाही तोच समुद्र ओलांडावा लागे. नेसणं, राहणी, धर्म, सगळ्यावरून गोपाळराव तिकडे जाब विचारत, आणि आनंदीबाई उत्तर देत. लहानपणी नवऱ्याच्या हातचा मार खाल्ला होता, त्याची आठवणही त्यांनी एका पत्रात काढली. समोर बसून हे बोलता आलं असतं का? मला नाही वाटत. काशीबाई कानिटकरांनी त्यांचं चरित्र लिहिताना या पत्रव्यवहाराचा आधार घेतला, म्हणून तो आवाज आपल्यापर्यंत पोहोचला.

आनंदीबाई तेव्हा शिकत होत्या. आज नोकरीपायी नवऱ्यापासून दूर राहणाऱ्या बायका गावोगावी आहेत, आणि त्यांत जिल्हा परिषदेच्या शिक्षिकांची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. त्यासाठी उदाहरण म्हणून दिग्रसचा नकाशा पाहावा.

दिग्रस तालुका यवतमाळ जिल्ह्यात. त्याला लागूनच मानोरा, पण ते वाशीम जिल्ह्यात; हा जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला. उलट वणी यवतमाळ जिल्ह्यातच, मात्र दिग्रसपासून दीडशे किलोमीटरहून लांब. प्राथमिक शिक्षकांची नेमणूक, बदली, सेवाज्येष्ठता सगळं जिल्ह्यापुरतं असतं. म्हणून बायको दिग्रसला आणि नवरा वणीला असला, तर प्रश्न घरच्या घरात सुटू शकतो. दोघांच्या शाळांत 30 किलोमीटरहून जास्त अंतर असेल, तर बदलीत 'पती-पत्नी एकत्रीकरण' म्हणून, म्हणजे विशेष संवर्ग भाग 2 मधून, प्राधान्य मागता येतं. ग्रामविकास विभागाच्या बदली धोरणात ही तरतूद आहे.

नवरा लागूनच्या मानोऱ्याला असो वा लांब नाशिकला, कोल्हापूरला, तिथे मात्र आंतरजिल्हा बदली लागते. त्या जिल्ह्याच्या बिंदुनामावलीत, म्हणजे आरक्षणानुसार लावलेल्या पदांच्या यादीत, आपल्या प्रवर्गाची जागा रिकामी हवी. ती मिळाली, तरी नव्या जिल्ह्यात ज्येष्ठता यादीच्या तळापासून मोजली जाते. बारा-पंधरा वर्षं वर्ग सांभाळलेली बाई पदोन्नतीच्या रांगेत कालच्या नव्या शिक्षकामागे जाते.

मग रात्री फोनवर मुलाचा ताप, सिलिंडरचा नंबर, सासूबाईंच्या गोळ्या यांच्यामध्ये एक वाक्य येतं: 'अर्ज कोणी भरायचा, मी की तुम्ही?' हा प्रश्न कठीण आहे, कारण जो अर्ज भरतो त्याचीच ज्येष्ठता जाते.

केंद्राच्या कार्मिक विभागाने पती-पत्नीला शक्यतो एकाच ठिकाणी नेमावं, असं 1986 मध्येच सांगितलं आणि 2009 मध्ये ते अधिक ठामपणे बजावलं. राज्यानेही निदान एवढं करावं: जोडीदारासाठी जिल्हा बदलणाऱ्याची आधीची सेवा पदोन्नतीसाठी धरावी.