पिकाची नोंद शेतकऱ्याच्या हाती : मोबाईलवरील पीक पाहणी

नातेपुते हे ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या मुक्कामाचे गाव. आषाढात पालखी माळशिरसकडे मार्गस्थ होते आणि शिवारात खरिपाची उगवण दिसू लागते. याच सुमारास पीक पाहणीचा विषय निघतो. पूर्वी हे काम सर्वस्वी तलाठ्याचे असे. अनेक गावांचा भार एकट्यावर असल्याने प्रत्येक बांधावर जाणे त्याला शक्य होत नसे; मग मागील वर्षीचेच पीक पुन्हा लिहिले जाई. शेतात डाळिंब उभे आणि सातबाऱ्यावर ज्वारी, असा प्रकार त्यामुळेच घडे.

हा दोष दूर करण्यासाठी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर 'ई-पीक पाहणी' सुरू झाली. आपल्या शेतातील पिकाची नोंद खातेदाराने स्वतः मोबाईलवरून करावयाची, असे तिचे स्वरूप आहे. २०२४ च्या रब्बी हंगामापासून तिला डिजिटल पीक सर्वेक्षणाची जोड मिळाली. तलाठ्याचे पदनामही त्याच वर्षी 'ग्राम महसूल अधिकारी' असे झाले.

नोंदीचे महत्त्व

सातबाऱ्यातील 'सात' हा हक्काचा नमुना, तर 'बारा' हा पिकांचा. जमीन कोणाची हे पहिला सांगतो; तिच्यात काय पिकले हे दुसरा सांगतो. पीककर्ज, पीकविमा, हमीभावाने खरेदी आणि अतिवृष्टीची मदत या सर्वांचा आधार हा दुसरा नमुना होय. २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५,००० रुपये, २ हेक्टरांच्या मर्यादेत, देण्याचे ठरले. तेव्हा प्रथम ई-पीक पाहणीची नोंद ही अट होती. पीक घेतले होते, पण नोंद नव्हती, असे शेतकरी त्यामुळे अडचणीत आले आणि पुढे ती अट शिथिल करावी लागली. अशी सवलत दर वेळी मिळेलच, या भरवशावर कोणीही राहू नये.

मोबाईल जागा कशी ओळखतो ?

आकाशातील उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांस लागणाऱ्या वेळेवरून मोबाईल आपले स्थान काढतो. त्यासाठी किमान चार उपग्रहांचे संदेश मिळावे लागतात. हे संदेश मोकळ्या आकाशाखाली चांगले मिळतात. दाट झाडीखाली किंवा भिंतीलगत स्थान चुकीचे दिसते. म्हणून केळीच्या बागेत आत न शिरता बांधावर मोकळ्या जागी उभे राहावे व स्थान स्थिर होईपर्यंत थोडे थांबावे. स्थान काढण्यास इंटरनेट लागत नाही; माहिती व छायाचित्र पाठविण्यास मात्र ते लागते. शिंगणापूरच्या डोंगराकडील माळावर रेंज नसल्यास माहिती मोबाईलमध्ये साठवावी आणि रेंजमध्ये आल्यावर ती न विसरता पाठवावी. पाठविली नाही, तर केलेले श्रम वाया जातात.

नव्या पद्धतीत छायाचित्र गटापासून ५० मीटरच्या आतच घ्यावे लागते. पूर्वी पारावर बसून एखादा तरुण अनेकांच्या नोंदी उरकीत असे. आता ते चालत नाही. मुलगा पुण्यास नोकरीला आणि मोबाईलची माहिती त्यालाच, अशा घरांत ही अडचण विशेष जाणवते.

हाताळताना येणाऱ्या अडचणी

मोबाईलची काच बोटातील सूक्ष्म विद्युत्‌भार ओळखते. खुरप्याने घट्टे पडलेले, चिखलाने माखलेले किंवा ओले बोट तिला नीट कळत नाही. 'आमच्या हाताला हे यंत्र जुमानत नाही,' असे वृद्ध शेतकरी म्हणतात, त्याचे कारण हेच. त्यात त्यांच्या बुद्धीचा दोष नाही. हात धुऊन कोरडे करावेत. भर उन्हात काच दिसत नाही, म्हणून सकाळी जावे किंवा पदराची, टॉवेलची सावली धरावी.

मोबाईल एकामागून एक प्रश्न विचारतो : खाते, गट क्रमांक, हंगाम, पीक, क्षेत्र, सिंचनाचे साधन, लागवडीची तारीख. घाईने दाबलेले उत्तरही तो खरे मानतो. मक्यात तूर असेल, तर मुख्य व दुय्यम पीक निरनिराळे नोंदवावे. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत ४८ तासांत एकदा दुरुस्ती करण्याची सोय झाली. तेव्हा नोंद झाल्यावर त्याच दिवशी ती पुन्हा वाचून पाहावी. विम्याच्या अर्जातील पीक व क्षेत्र या नोंदीशी जुळते की नाही, हेही तपासावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य

पुष्कळ भगिनींच्या नावे जमीन असते, पण मोबाईल घरातील पुरुषांच्या हाती असतो. एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. त्यामुळे स्वतःचा मोबाईल नाही म्हणून कोणीही वंचित राहण्याचे कारण नाही. कार्यकर्त्याने अशा खातेदारांची यादी करावी व त्यांच्यासमवेत बांधावर जावे. मोबाईल आपण हाती घेऊन काम उरकू नये. तो शेतकऱ्याच्याच हाती ठेवून शेजारी उभे राहावे. एकदा स्वतः केलेले काम पुढील हंगामात आठवते. ओटीपी कोणासही सांगू नये, हेही त्याच वेळी समजावून द्यावे.

शेतकऱ्यांसाठीची मुदत संपल्यावर राहिलेल्या क्षेत्राची पाहणी गावासाठी नेमलेले सहायक करतात. तथापि आपल्या शेतात काय पेरले, हे मालकाइतके दुसऱ्यास ठाऊक नसते.

'तलाठ्याने चुकीचे लिहिले,' ही तक्रार पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आता लेखणी शेतकऱ्याच्या हाती आली आहे आणि तिच्याबरोबर चुकीची जबाबदारीही. पेरणीइतक्याच काळजीने व वेळेवर ही नोंद करावी, म्हणजे संकटाच्या वर्षी सातबारा शेतकऱ्याच्या बाजूने साक्ष देईल.