खिशांतलें विघ्न

2023 सालच्या मार्गशीर्षांत आमच्या नातीनें हट्ट धरला, "आजोबा, यंदा तुम्हीं माझ्याबरोबर पणजीला प्रदर्शन पाहायला आलेंच पाहिजे." प्रदर्शन म्हटल्यावर भिंतीवर ओळीनें टांगलेलीं चित्रें आणि हात मागें बांधून एकेका चित्रापुढून सरकणारे लोक, एवढेंच दृश्य माझ्या डोळ्यांपुढें उभें राहिलें. "तसलें नव्हे हो," ती म्हणाली, "ह्यांत आपण चित्राच्या आंत जायचें असतें." जन्मभर मुलांकडून शब्दरूपें घोकून घेणाऱ्या माणसाला चित्राच्या आंत जाण्याचें आमंत्रण क्वचितच मिळतें. शिवाय त्या सुमारास घरांतलें वातावरण जड झालें होतें आणि दोन दिवस बाहेर पडणें मलाहि हवें होतें. तेव्हां मालवणहून एस्टीनें कुडाळ आणि तेथून सावंतवाडी, बांदा, म्हापसें असें करीत आम्ही आजा-नात पणजीस पोंचलों.

या प्रकारच्या कलेची वाचकांस थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. जपानी चित्रकर्ती यायोई कुसामा हिनें 1965 सालीं न्यूयॉर्क येथें आरशांनीं वेढलेली आपली पहिली खोली मांडली. प्रेक्षक आंत शिरला कीं चहूंकडे त्याचीं अगणित प्रतिबिंबें दिसत. 2003 सालीं लंडनच्या टेट मॉडर्न या संग्रहालयाच्या प्रचंड दालनांत ओलाफुर एलियासन यानें धुकें आणि पिवळा प्रकाश यांच्या साह्यानें एक कृत्रिम सूर्य उभा केला आणि छताला आरसे लावले. लोक जमिनीवर उताणे पडून त्या आरशांत स्वतःला शोधूं लागले. मुंबईंतहि 2023 च्या जानेवारींत व्हॅन गॉग या डच चित्रकाराचीं चित्रें प्रकाशयंत्रांनीं भिंतींवर आणि जमिनीवर पसरवून दाखविण्यांत आलीं. कलाकृति समोर न राहतां ती प्रेक्षकाला वेढून घेते, हें या सर्वांचें समान लक्षण. इंग्रजी शिकलेलीं आमचीं मुलें याला 'इमर्सिव्ह' म्हणतात. बुडवून टाकणारी, असा त्याचा सरळ अर्थ.

पणजीस सेरेंडिपिटी नांवाचा कलामहोत्सव 2016 सालीं सुरू झाला, आणि साथीच्या काळांतील खंड सोडल्यास तो डिसेंबरांत भरत आला आहे. आम्ही गेलों तेव्हां त्याचा मोठा भाग मांडवीकांठच्या जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या वास्तूंत होता. पोर्तुगीज अमदानींत 1842 सालीं स्थापन झालेलें तें विद्यालय पुढें बांबोळीस गेलें, आणि जेथें एके काळीं रोग्यांच्या खाटा होत्या तेथें आतां कलावंतांचीं दालनें लागलीं.

त्यांपैकीं एका लांबट दालनांत आम्ही शिरलों. आंत काळोख होता. छतापासून जमिनीपर्यंत तलम वस्त्रें सोडलेलीं होतीं. त्यांवर प्रकाश भरतीसारखा हळूहळू चढे आणि ओहोटीसारखा उतरे. कोठून तरी एक सळसळता आवाज येत होता. कलावंताचें नांव मीं येथें मुद्दाम घेत नाहीं. मला बोलायचें आहे तें कृतीविषयीं नव्हे, पाहणाऱ्याविषयीं. एक फेरा सुमारें 12 मिनिटांचा आहे, असें दारांतल्या मुलानें सांगितलें होतें.

नातीनें आंत पाऊल टाकतांच मोबाईल काढला आणि चित्रफीत घेऊं लागली. मीं तिला हळूच दटावलें, "अगो, देवानें डोळे दिलेत ते कशासाठीं?" तिनें ऐकलें न ऐकल्यासारखें केलें. तिच्यासारखेच आणखी दहा-बारा तरुण आपापल्या लहानशा उजळ चौकटींतून त्या मोठ्या उजेडाकडे पाहत होते. या पिढीला समोरचें कांहीं दिसतच नाहीं, असा निकाल मीं मनांत देऊन टाकला.

बाहेर आल्यावर आम्ही पायरीवर बसलों. तिनें विचारलें, "आजोबा, शेवटीं प्रकाश विझला तो कोणत्या बाजूनें? माझ्या चित्रफितींत तेवढें आलें नाहीं."

मला सांगतां येईना.

"बरें, तो आवाज तरी कसला होता?"

"समुद्राचा," मीं ठामपणें म्हणालों. मालवणच्या माणसाला एवढेंहि कळूं नये काय?

तिनें कांहीं न बोलतां मोबाईल माझ्यापुढें धरला. चित्रफितींत मी होतों. सभोंवार पिवळसर प्रकाश चढत होता आणि त्याच्या मधोमध एक म्हातारा मान खालीं घालून, सदऱ्याच्या खिशावर हात दाबून उभा होता. "तुम्ही आंत असतांना तीनदां खिशांत हात घातलात," ती म्हणाली. "तो कागद कसला आहे, आजोबा?"

तो कागद म्हणजे आमच्या चुलतबंधूंच्या वकिलाची नोटीस होती. आजोबांनीं बांधलेल्या घरांत तीन बिऱ्हाडांचा हक्क. त्याची वाटणी व्हावी, पडवी आणि मागलें परसूं मोजून द्यावें, असा तिचा आशय. एस्टींत ती मीं तीनदां वाचली होती. दालनांतल्या त्या 12 मिनिटांत मी पणजींत नव्हतोंच. मी आमच्या पडवीची लांबी मोजीत होतों. नातीच्या हातांतलें विघ्न मला स्पष्ट दिसलें. स्वतःच्या खिशांतलें दिसलें नाहीं.

विघ्न हा शब्द मीं सहज वापरलेला नाहीं. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायांत अशी कथा आहे कीं, इंद्रध्वजाच्या उत्सवांत पहिलें नाटक झालें आणि त्यांत दैत्यांचा पराजय दाखविला गेला. दैत्य रुष्ट झाले, आणि विघ्नांनीं अदृश्य राहून नटांची वाणी, हालचाल व स्मृति जखडून टाकली. इंद्रानें ध्वजाच्या दंडानें त्यांना जर्जर केलें, तरीहि त्रास थांबेना. तेव्हां विश्वकर्म्यानें नाट्यगृह बांधलें. तें पर्वताच्या गुहेसारखें असावें, झरोके लहान असावेत, वारा शिरूं नये, म्हणजे आवाज गंभीर राहतो, असें दुसऱ्या अध्यायांत सांगितलें आहे. पणजींतलें काळोखें दालन पाहून मला त्या गुहेची आठवण झाली.

भरताच्या कथेंतलीं विघ्नें बाहेरून येतात आणि नटांवर तुटून पडतात. पुढें सुमारें 1000 सालीं काश्मीरांत अभिनवगुप्ताचार्यांनीं नाट्यशास्त्रावर टीका लिहिली, तींत त्यांनीं रसास्वादाचीं सात विघ्नें मोजलीं. त्यांतील कांहीं रंगभूमीवरच्या उणिवांचीं आहेत, पण मुख्य तीं पाहणाऱ्याच्या मनांत घर करून बसलेलीं आहेत. समोरचें घडूं शकतें यावर विश्वासच न बसणें, हें पहिलें. तिसऱ्याचें नांव 'निजसुखादिविवशीभाव', म्हणजे स्वतःच्या सुखदुःखाच्या पूर्ण आधीन होऊन जाणें. अशा प्रेक्षकाचें मन दुसऱ्या वस्तूवर विसावणार तरी कसें? आचार्यांनीं त्यावर उपायहि सुचविला आहे: गायन, वादन आणि नाना प्रकारें सजविलेला मंडप. त्यांच्या योगानें रूक्ष मनाचा मनुष्यहि सहृदय होतो, असें ते म्हणतात. आजचें हें वेढून घेणारें दालन म्हणजे तोच विचित्र मंडप, नव्या यंत्रांनीं उभारलेला. आचार्यांपुढें मी पामर. परंतु माझा अनुभव असा कीं, मंडप कितीहि विचित्र असला तरी खिशावरचा हात तो आपण होऊन काढीत नाहीं.

हें दुखणें माझ्याच एकट्याचें नव्हे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांतील एक पाहणी 2001 सालीं प्रसिद्ध झाली. तींत एका कलाकृतीपुढें लोक सरासरी 27 सेकंद थांबतात, आणि निम्म्या वेळां तर 17 सेकंदांच्या आंतच पुढें सरकतात, असें आढळलें. अमेरिकेंतीलच लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनीं 2014 सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. संग्रहालयांतील ज्या वस्तूंचीं छायाचित्रें घेतलीं, त्या वस्तु नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षां लोकांना कमी आठवल्या. जणूं यंत्राकडे सोंपविलें कीं मन मोकळें. पण त्याच प्रयोगांत, वस्तूचा एखादा भाग मुद्दाम निवडून जवळून टिपला असतां स्मृति उणावली नाहीं. म्हणजे दोष यंत्राचा नसून, यंत्र हातांत घेऊन आपण लक्ष काढून घेतों, त्याचा आहे. हें वाचल्यापासून नातीला मी पूर्वींइतका रागें भरत नाहीं.

त्या दिवशीं पायरीवर बसूनच आम्ही एक करार केला. तिचा मोबाईल आणि माझी नोटीस, दोन्ही तिच्या कापडी पिशवींत गेलीं, आणि पिशवी दारांतल्या मुलाजवळ ठेवून आम्ही पुन्हां आंत गेलों. या खेपेस जमिनीवर मांडी घालून बसलों.

पहिलीं तीन-चार मिनिटें कठीण गेलीं. हात खिशाकडे जाई आणि रिकामा परत येई. मन पडवींत जाई. तें तेथें गेलें आहे एवढें ओळखून मी त्याला परत आणीत असें, शाळेंत खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलाला हांक मारावी तसें. हळूहळू त्याच्या फेऱ्या कमी झाल्या, आणि मग मला प्रथमच तो आवाज ऐकूं आला. तो समुद्र नव्हता. लाट येते, फुटते आणि मागें खेचली जाते. या आवाजाला मागें जाणें नव्हतें. तो सुपांत धान्य पाखडण्याचा आवाज होता: सळसळ, मग हलकीशी थाप, आणि पुन्हां सळसळ. जन्मभर समुद्र ऐकल्यामुळें तोच ऐकूं येणार असें मीं गृहीत धरलें होतें. मागल्या पडवींत पाखडीत बसलेली आई क्षणभर डोळ्यांपुढें आली. ती आली तशी गेली. मीं तिला धरून ठेवलें नाहीं. प्रकाश उतरूं लागला तो डावीकडून, आणि विझण्यापूर्वीं मागल्या भिंतीवरची बुजविलेली एक जुनी खिडकी त्यांत दिसली. रोग्यांना तींतून कधीं काळीं मांडवी दिसत असेल. पहिल्या फेऱ्यांत ती खिडकी आम्हां दोघांनाहि दिसली नव्हती.

परततांना कुडाळास उतरून मीं नातीला मुद्दाम पिंगुळीस नेलें. तेथील ठाकर समाजानें चित्रकथीची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. त्या समाजांतील परशुराम विश्राम गंगावणे यांना 2021 सालीं पद्मश्री मिळाली, आणि त्यांच्या कुटुंबानें गुरांच्या गोठ्याच्या जागीं या कलेचें छोटें संग्रहालय उभें केलें आहे. चित्रकथींत रामायण-महाभारतांतलें एकेक आख्यान रंगविलेल्या सुट्या कागदांच्या पोथींत असतें. कथेकरी एक चित्र उभें करतो, वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीवर तो प्रसंग गातो, आणि मग पुढलें चित्र घेतो. चित्र हातभर. त्याला हालचाल नाहीं, प्रकाशयंत्र नाहीं, आणि तें कोणाला वेढीत नाहीं. तरी पूर्वीं देवळांत दिव्याच्या उजेडांत लोक त्यांत बुडून जात. पुढलें चित्र केव्हां येणार हें कथेकऱ्याच्या हातीं होतें. ऐकणाऱ्याला घाई करण्याची सोय नव्हती आणि जवळ दुसरें पाहण्यासारखें कांहीं नव्हतें. नात तेथें एका चित्रापुढें पुष्कळ वेळ उभी राहिली, आणि मग मला विचारून तिनें त्यांतल्या एका रथाच्या चाकाचें तेवढें छायाचित्र घेतलें.

आपल्या घरांतलीं मुलें अशा प्रदर्शनांना जाणारच. वडीलधाऱ्यांनीं त्यांच्याबरोबर जावें, असें मला वाटतें. एका दिवसांत सर्व दालनें उरकूं नयेत, दोन-तीनच निवडावींत. पहिला फेरा रिकाम्या हातांनीं बसून पाहावा, छायाचित्र हवेंच तर दुसऱ्यांत घ्यावें. दारावरची पाटी बाहेर येतांना वाचावी. आणि बाहेर आल्यावर एकमेकांना विचारावें: काय दिसलें, कसला आवाज होता? उत्तर देतां आलें नाहीं तर लाज न बाळगतां पुन्हां आंत जावें.

घरीं आलों तेव्हां नोटीस अर्थातच पिशवींतून पुन्हां माझ्या हातीं आली. त्या सायंकाळीं आमचे वडील बंधु अण्णा, वय वर्षें 84, नेहमींप्रमाणें पडवींत बोलत बसले होते. त्यांचें बोलणें त्याच त्या गोष्टींचें असतें, म्हणून वर्तमानपत्रावरून नजर न काढतां 'हूं' म्हणण्याची संवय आम्हां सर्वांनाच लागली होती. त्या दिवशीं मीं वर्तमानपत्र बाजूला ठेवलें. अण्णा विहिरीविषयीं बोलत होते. 1972 च्या दुष्काळांत आसपासचीं विहिरी-तळीं आटलीं तरी आमच्या विहिरीनें तीन्ही बिऱ्हाडांना कसें पाणी पुरविलें, हें त्यांनीं सांगितलें, आणि शेवटीं म्हणाले, "भिंती घाला हवें तर. विहीर तेवढी कोणाच्या नांवावर करूं नका."

मीं विचारलें, "अण्णा, हें तुम्ही आधीं कां नाहीं सांगितलेंत?"

"गणपतीपासून सांगतोंय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशीं मीं चुलतबंधूंना दूरध्वनि केला. त्यांनाहि विहीर सामाईक ठेवण्यास हरकत नव्हती. त्यांना तसें कोणीं विचारलेंच नव्हतें. पुढल्या वैशाखांत वाटणी झाली. पडवीच्या मधोमध भिंत आली, तिचें दुःख आहेच. पण विहिरीवर अजून तीन्ही बिऱ्हाडांच्या कळशा भरतात, आणि सायंकाळीं अण्णा बोलूं लागले कीं वर्तमानपत्र मी घडी करून मांडीखालीं ठेवतों.