कापसाच्या गावाहून बर्फाच्या गावी

"येत्या जानेवारीत आम्ही दोघे जपानला बर्फावर घसरायला जाणार," असे मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये जाहीर केले, तेव्हा अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी हातातला कप खाली ठेवला आणि विचारले, "घसरायला जपान कशाला? पावसाळ्यात आमच्या गल्लीत या." सगळे हसले, मीही हसलो. ज्या वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, कूलरमध्ये पाणी भरणे हाच जिथे पुरुषमंडळींचा व्यायाम, तिथल्या मराठीच्या मास्तराने स्कीइंगच्या गोष्टी कराव्यात, हे हसण्यासारखेच आहे.

पण हे वेड आजचे नाही. २००३ च्या मे महिन्यात आमचे लग्न झाले, तेव्हा काश्मीरला जायचे ठरले होते. सौ.ने त्यासाठी निळ्या लोकरीचा स्वेटरसुद्धा विणून ठेवला होता. त्या वर्षी वडिलांच्या कापसाचे पैसे हाती आले नाहीत आणि काश्मीरचे चिखलदरा झाले. चिखलदऱ्याला गारवा होता, नाही असे नाही. पण स्वेटर घालण्याइतका नव्हता. तो ट्रंकेत गेला तो गेलाच.

"मग आता जा की गुलमर्गला! भुसभुशीत बर्फासाठी तर गुलमर्ग जगात नावाजलेले आहे," असे वाचक म्हणतील. बरोबर आहे. तिथे शिकवणारी सरकारी संस्थाही आहे. पण मध्ये केदारनाथ घडले. २०२२ साली आम्ही त्या ३,५८३ मीटर उंचीवरच्या देवाला गेलो आणि तिथे सौ.ला असा दम लागला, की पहाट होताच तिला खेचरावरून खाली आणावे लागले. खाली येता येता तिच्या चेहऱ्यावर रंग परतला. पण ती रात्र मी विसरलेलो नाही. डॉक्टरांनी बजावले, "यापुढे उंचावर मुक्काम नको." गुलमर्गच सुमारे २,६५० मीटरवर, आणि तिथला पाळणा नेतो तो चार हजारांच्या घरात. औलीचीही तीच कथा. आपण विषुववृत्ताच्या जवळचे लोक. आपल्याकडे बर्फ हवा तर उंच चढण्यावाचून इलाज नाही.

जपानचे होक्काइडो बेट मात्र ४३ अक्षांशांच्या आसपास आहे. हिवाळ्यात सैबेरियाकडून कोरडे, गारठलेले वारे सुटतात. वाटेत जपानच्या समुद्रावरून जाताना ते बाष्प पितात आणि बेटाच्या डोंगरांना अडून सगळे ओतून टाकतात. म्हणून निसेकोसारख्या गावी डोंगरमाथा अवघा १,३०८ मीटर उंच असूनही वर्षाकाठी दहा-पंधरा मीटर हिम पडते. आमच्या घरात हा शोध सौ.नेच लावला. एका रात्री भूगोलाचे पुस्तक माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "अहो, हे पाहा, इथे मला दम लागायचा नाही." त्यावर मी काय बोलणार?

हा बर्फ कसा असतो, हे वर्ध्याच्या माणसाला समजावणे सोपे आहे. ओला बर्फ म्हणजे सरकीसकट दाबलेला कापूस; आणि हा म्हणजे पिंजलेला, पेळू वळण्याआधीचा. साधारण ताज्या हिमाचे दहा इंच वितळवले तर इंचभर पाणी निघते. या भुकटीत त्याहूनही कमी. मुठीत घेऊन गोळा करू म्हटले तर होत नाही. त्यावर पायाखालच्या फळ्या म्हणे तरंगतात. त्यासाठी मुद्दाम रुंद फळ्या घेतात.

पण वाचता वाचता कळले, की ज्या बर्फासाठी एवढा खटाटोप, तो आमच्या वाट्याला चमचाभरच येणार. नवशिक्याने यंत्राने दाबलेल्या उतारावर शिकायचे असते. हद्दीबाहेरच्या मऊ बर्फात हिमस्खलनाचे भय; शिवाय झाडांच्या बुंध्याभोवती पोकळ खड्डे असतात, त्यांत डोके खाली जाऊन पडले तर माणूस गुदमरतो. निसेकोत बाहेर जाण्याची फाटके ठरावीक असतात आणि ती बंद असली की बंद. १९११ साली थिओडोर फॉन लेर्ख या ऑस्ट्रियन मेजरने जपानी शिपायांना स्कीइंग शिकवले. तेही आधी धडपडलेच असतील, एवढाच दिलासा.

बाकी अडचणी किती सांगाव्यात! आम्हा मास्तरांना मोठी सुटी उन्हाळ्यात. तेव्हा बर्फ न्यूझीलंडकडे पडू लागलेला असतो, आणि दिवाळीच्या सुटीत होक्काइडोत तो पुरता पडलेला नसतो. म्हणून ऐन जानेवारीत रजा. नागपूरच्या एका एजंटाने विमा स्वस्तात काढून देतो म्हटले. बारीक अक्षरे वाचली तर त्यात हिवाळी खेळच वगळलेले! मोडलेल्या पायाचा खर्च कोण देणार, हे आधी पाहावे, मग तिकीट.

खरा पेच पैशाचा. दोघांचा खर्च सहा लाखांच्या घरात, आणि तेवढीच ठेव बँकेत आहे. ती स्लॅबसाठी ठेवलेली. माडीचे छत दोन पावसाळे गळते आहे. आईपुढे विषय काढायला मला आठवडा लागला. ती ऐकून घेऊन म्हणाली, "अरे, जपानचे फुजी गुरुजी १९३३ साली गांधीजींना भेटायला या वर्ध्यात आले, तेव्हा त्यांनी कुणाचे छत पाहिले?" युक्तिवाद मला पटला नाही. छत तिच्याच खोलीवरचे आहे. "ताडपत्री घाल आणि जा," असे म्हणून तिने वाती वळायला घेतल्या. मी अजून रोज रात्री त्या ओल्या डागाकडे पाहतो. ठेव मोडली आहे. डाग वाढला आहे.

आता रोज सकाळी आम्ही दोघे उठाबशा काढतो. सोबत जवसाची चटणी बांधायची आहे, कारण तिथल्या साध्या सुपातही माशाचा अर्क असू शकतो. कपड्यांची यादी वाचून मात्र मला वाईट वाटले: सुती काहीही अंगाशी नको. सूत घाम धरून ठेवते आणि माणूस गारठतो. सेवाग्रामपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाने हे निमूट ऐकायचे! लोकर चालते.

म्हणून गेल्या रविवारी ट्रंक उघडली. स्वेटरला कसर लागली नव्हती. पण बावीस वर्षांत तो सौ.ला होईनासा झालेला. तिने क्षणभर तो अंगाशी धरला आणि सरळ उसवायला बसली. जुन्या लोकरीत नवी निळी लोकर मिसळून विणते आहे. दोन निळ्यांचा रंग जुळत नाही, पण त्याला इलाज नाही. पाठ झाली आहे. बाह्या राहिल्यात. व्हिसाचे कागद पुढच्या आठवड्यात मुंबईला जातील.