मानमोडीच्या नावावर

वरवट बकालकडे, म्हणजे संग्रामपूर तालुक्यातल्या कापसाच्या मुलखात, कोंबडी मेली की कारण आधीच ठरलेले असते: मानमोडी. पशुवैद्यक तिला राणीखेत म्हणतात. मान वाकडी होणे, पंख लोंबणे, हिरवट हगवण ही लक्षणे खरी आणि रोगही खराच. लस नसेल तर तो अख्खे खुराडे रिकामे करतो. पण प्रत्येक मरण त्याच्याच नावावर टाकणे फार सोयीचे झाले आहे. पऱ्हाटीत तणनाशक मारल्याच्या दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर चरणाऱ्या कोंबड्या सुस्तावल्या, तर तीही मानमोडीच.

निंदणाला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, ही शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. तणनाशक आले ते त्यामुळेच. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. तणनाशक सोसणाऱ्या वाणाला मात्र ती मिळाली नाही, तरी ते बियाणे चोरवाटांनी वऱ्हाडभर पोचले. २०१९ च्या जूनमध्ये शेजारच्या अकोला जिल्ह्यात, अकोली जहांगीरला, शेतकरी संघटनेने ते उघडपणे पेरले. त्यावर मारतात ते ग्लायफोसेट. आपल्याकडे त्याची नोंदणी चहाचे मळे आणि बिगरपिकाची जमीन एवढ्यापुरतीच. बियाणे बेकायदा, फवारा नियमाबाहेर. मग त्यापायी कोंबडी मेली तर सांगायचे कोणत्या तोंडाने?

सगळी तणनाशके एका माळेत ओवणेही बरोबर नाही. ग्लायफोसेटने कोंबडी सहसा तडकाफडकी मरत नाही. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात लाव्यांना काही महिने त्याचे मिश्रण असलेले खाद्य दिले, तेव्हा ते अंड्यात उतरलेले सापडले. ते निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. पॅराक्वाटची जात निराळी. घोट-दोन घोट पोटात गेले तर धडधाकट माणूस वाचवणे कठीण, आणि त्याला उतारा नाही. युरोपीय संघात ते २००७ मध्ये बंद झाले. अंड्याच्या कवचावर पडले तरी आतला जीव दगावू शकतो, हे बदकांच्या अंड्यांवर तपासलेले आहे.

शिवाय कोंबडी नुसती दाणे टिपत नाही. माती उकरते, खडे गिळते, पंप धुतला तिथल्या डबक्यात चोच बुडवते. व्हिएतनाममध्ये १९६१ ते १९७१ या काळात अमेरिकेने जंगलांवर तणनाशक ओतले. त्यातल्या डायॉक्सिनचा अंश बिएन होआच्या विमानतळाजवळच्या कोंबड्या-बदकांत तीस वर्षांनंतरही सापडला. आपल्या फवाऱ्याची तुलना त्या युद्धाशी करणे अतिशयोक्ती होईल. मातीतले विष कोंबडी ताटापर्यंत कसे आणते, एवढे मात्र त्यातून कळते.

बँकेत असताना पीककर्जाच्या कागदांत फवारणी पंप आणि औषधांची बिले पुष्कळ पाहिली. परसातल्या कोंबड्या कुठल्याच रकान्यात नसत. पंप नवऱ्याचा, कोंबड्या बाईच्या. अंडी विकून पोराची वही येते, घरात मीठ-मिरची येते, नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही. म्हणजे एकाच घरात एकाने निंदणाचे पैसे वाचवायचे आणि दुसरीने ते कोंबड्यांच्या रूपाने भरायचे, असा हा व्यवहार. विषाने मेलेल्या चार कोंबड्यांचा पंचनामा करायला कोणी येत नाही. तपासणीच होत नाही, त्यामुळे आकडा नाही. आकडा नाही, त्यामुळे प्रश्नही नाही.

खरे तर तपासणी अशक्य नाही. मेलेला पक्षी बर्फावर ठेवून लवकर पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावा. कोणते औषध, कधी मारले, हे डब्यासकट सांगावे. पोटझोळी आणि काळीज पाहिल्यावर रोग की विष याचा अंदाज येतो. पुढच्या तपासणीचे ठिकाणही फार लांब नाही. अकोल्यात पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे. पंप धुण्याचे पाणी अंगणात सांडू नये, फवारलेल्या शेतात कोंबड्या काही दिवस सोडू नयेत, रिकाम्या डब्यात त्यांना पाणी ठेवू नये. आणि सुस्तावलेली कोंबडी मरायच्या आत तिच्यावर सुरी फिरवण्याची आपली जुनी चाल आहे, ती सोडावी. आत विष असेल, तर रस्सा कितीही उकळला तरी ते जाईलच असे नाही.