एका शब्दाचा शोध

फ्लॉरिडातील झनाडू या भव्य महालात एक वृद्ध मरणासन्न अवस्थेत आहे. 'रोझबड' एवढा एकच शब्द उच्चारून तो प्राण सोडतो. १९४१ साली प्रदर्शित झालेल्या 'सिटिझन केन' या अमेरिकन चित्रपटाचा आरंभ असा होतो. हा वृद्ध म्हणजे अनेक वृत्तपत्रांचा धनाढ्य मालक चार्ल्स फॉस्टर केन. त्याच्या अखेरच्या शब्दाचा अर्थ शोधण्यासाठी थॉम्प्सन नावाचा वार्ताहर केनच्या परिचितांना भेटतो. त्यांच्या आठवणींतून केनचे जीवन प्रेक्षकांपुढे उलगडत जाते.

केनचे बालपण कोलोराडोत गेले. आईला अचानक एका सोन्याच्या खाणीची मालकी मिळाली आणि मुलाचे भवितव्य घडावे म्हणून तिने त्याला एका बँकरच्या स्वाधीन केले. संपत्ती लाभली, घर मात्र सुटले.

तरुण केन न्यूयॉर्कमधील एक वृत्तपत्र चालवू लागतो. वाचकांना प्रामाणिकपणे बातम्या देण्याचे लेखी वचन तो पहिल्या पानावर छापतो. पुढे तो गव्हर्नरपदाची निवडणूक लढवतो. निकालाच्या रात्री त्याच्या कचेरीत दोन मथळे तयार असतात : एक विजयाचा, दुसरा मतदानात गैरव्यवहार झाल्याचा. केन हरतो आणि दुसरा मथळा छापला जातो. वाचकांना दिलेले वचन येथेच मोडते. कालांतराने जुना मित्र लेलंड त्या वचनाचा मूळ कागद परत पाठवतो, तेव्हा केन तो स्वतःच्या हाताने फाडतो.

पंचवीस वर्षांच्या ऑर्सन वेल्स यांनी या चित्रपटाचे दिग्दर्शन केले आणि केनची भूमिकाही साकारली. छायाचित्रकार ग्रेग टोलंड यांनी जवळच्या व दूरच्या वस्तू एकाच वेळी सुस्पष्ट दिसतील अशी दृश्ये टिपली. आई करारावर सही करत असते, तेव्हा मागच्या खिडकीतून बर्फात खेळणारा मुलगा दिसत राहतो. त्याचे आयुष्य बदलत असते आणि त्याला त्याची कल्पनाही नसते.

केनमध्ये आपलेच चित्र रंगवले आहे, असा वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांचा समज झाला. त्यांच्या वृत्तपत्रांनी या चित्रपटाचा उल्लेखही टाळला. वृत्तपत्राची सत्ता सत्य कसे झाकू शकते, याचा जणू तो प्रत्यक्ष पुरावाच होता. नऊ नामांकने मिळूनही चित्रपटाला केवळ पटकथेचे ऑस्कर लाभले. पुढील काळात मात्र जगातील सर्वश्रेष्ठ चित्रपटांत त्याची गणना होऊ लागली.

थॉम्प्सनला उत्तर सापडत नाही. एका शब्दात माणसाचे आयुष्य सामावत नाही, असे म्हणून तो निघून जातो. महालातील निरुपयोगी सामान भट्टीत टाकले जाते. त्यात बर्फावर घसरण्याची एक जुनी लाकडी गाडी असते. ज्वाळांमध्ये तिच्यावरील अक्षरे क्षणभर दिसतात : 'रोझबड'. प्रेक्षकांना हरवलेल्या बालपणाची ती खूण कळते. केनला ओळखणाऱ्यांपैकी मात्र कोणालाही नाही. लाखो वाचकांपर्यंत शब्द पोहोचवणाऱ्या माणसाचा स्वतःचा अखेरचा शब्द कोणापर्यंतच पोहोचत नाही.