नव्या वसाहतींना नव्या वेशी नकोत!

अमरावतीचा परकोट निजामाच्या राजवटीत, १८०७ च्या सुमारास, पेंढाऱ्यांपासून सावकार-व्यापाऱ्यांची संपत्ती वाचविण्यासाठी उभा राहिला. त्याला पाच दरवाजे आणि चार खिडक्या. अकोल्यातही मोर्णेकाठी असदगड आहे, दहीहंडा वेस आहे. हा वारसा जपलाच पाहिजे, याबद्दल वाद नाही. परंतु वेस म्हटली की इतरांना इतिहास आठवतो आणि आम्हाला वेशीबाहेरची वस्ती आठवते!

रस्त्यावरून चालणे हाही या देशात लढून मिळविलेला हक्क आहे. १९२४ साली केरळात वायकोम येथे सत्याग्रह झाला, तो मंदिराच्या आत जाण्यासाठी नव्हे, तर मंदिराभोवतालच्या रस्त्यांवरून चालण्यासाठी. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. प्रश्न होता अंबादेवी मंदिर प्रवेशाचा. हाही वारसाच नाही काय? मग शहराच्या वारसा-नकाशावर दगडी दरवाजांसोबत या लढ्याच्या जागाही ठळकपणे का दाखवू नयेत?

आज शहराभोवती लेआउटवर लेआउट पडत आहेत. त्यांपैकी अनेकांना आवारभिंत, फाटक आणि चौकीदार असतो. शेजारच्या वस्तीतली धुणीभांडी करणारी बाई, शाळकरी पोर, भाजीची गाडी ढकलणारा, सगळ्यांनी वळसा घालून जायचे. जातीचे नाव न घेता नवी वेस तयार होते! डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. चांगले झाले. परंतु पाटी बदलून भिंत पडत नाही.

राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मोठ्या प्रकल्पात लहान घरे बांधण्याची जी सक्ती आहे, ती दहा लाखांवरील लोकसंख्येच्या महापालिकांसाठी. २०११ च्या जनगणनेत अमरावती साडेसहा लाखांच्या आत आणि अकोला सव्वाचार लाखांच्या आसपास. म्हणजे वऱ्हाडातल्या गरिबाला मोठ्या लेआउटमध्ये घर मागण्याचा आधारच उरत नाही. ही अट शिथिल झाली पाहिजे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. लेआउटचा रस्ता शेजारच्या वस्तीच्या रस्त्याला जोडलेला असावा, आंधळा नसावा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पायी चालणाऱ्याला सलग फुटपाथ आणि कडुनिंबाची सावली हवी. खुली जागा नाल्याकाठच्या कोपऱ्यात न ढकलता मध्यभागी असावी आणि ती सर्वांना खुली असावी. दरवाजांची डागडुजी करताना तिथल्या हातगाडीवाल्याला हुसकावू नये. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे.

बंधूंनो, भगिनींनो, विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती मागविल्या जातात. त्या मुदतीत नकाशा पाहा, आपल्या वस्तीचा रस्ता कुठे अडतो ते शोधा आणि लेखी हरकत नोंदवा. आराखडा मंजूर झाल्यावर मोर्चे काढून भिंत हटत नाही. ती कागदावर असतानाच पाडावी लागते!